जाऊबाईंनी फाडलेला कागद

उन्हानं तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला थोरल्या जाऊबाई विळा घेऊन शिडीवर चढलेल्या दिसतात. वाटण्या झाल्यापासून शेळगावात आमची दोन पॉलिहाऊस एकाच बांधाला होती, पण ढोबळी मिरची कायम त्यांचीच भारी आणि व्यापारीही आधी त्यांच्याच दारात. वादळाचा इशारा आला त्या दुपारी हवा अशी कोंडली होती की पान हलत नव्हतं, आणि या बाई स्वतःच्याच पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद टराटरा फाडत होत्या. वरूनच ओरडल्या, "तुमीबी फाडून घ्या गं! वाऱ्याला वाट दिली तर सांगाडा ऱ्हातोय." आमचे हे म्हणाले, "आपला कागद नवाकोरा हाय. बाजूचे पडदे आवळून बांधू." मी आनंदानं दोरी धरली. एकदाचं आमचं त्यांच्यापेक्षा चांगलं दिसणार होतं! संध्याकाळी वारा आमच्या पॉलिहाऊसात शिरला, त्यानं ते फुग्यासारखं फुगवलं आणि पाइपांसकट उचलून आमच्याच घरावर आपटलं. सकाळी बांधापलीकडं त्यांचा सांगाडा उघडाबोडका, पण ताठ उभा होता. आमचे पत्रे फाटून ज्वारीची पोती भिजत होती, तेवढ्यात जाऊबाई तोच फाडलेला कागद डोक्यावर घेऊन आल्या. "घे, झाक आधी. आमाला आता काय कामाचा!" तो कागद अजून आमच्या सरपणावर आहे. त्यांचा सांगाडा वाचला हे मी एक वेळ विसरेन, पण त्या सकाळी देणारा हातही त्यांचाच निघाला, ते अजून खुपतं.