पाणी कुठंवर आलतं?

नदीजवळचं आमचं बैठं घर विकायला काढलं, तेव्हा एजंटने पहिला सल्ला दिला तो रंगाचा. महापुराने हॉलच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीची मळकट रेघ ठेवली होती. आम्ही तिच्यासोबत वर्षानुवर्षं सुखाने राहिलो. गिऱ्हाइकाला मात्र ती सोसणार नव्हती. मी हस्तिदंती रंगाचे दोन हात मारून घेतले. जो गळका नळ मी 'उद्या बघू' म्हणत म्हातारा केला होता, तो एका दुपारीत दुरुस्त झाला. बायको म्हणाली, "आधीच विकायला काढलं असतं, तर चार वर्षं चांगल्या घरात राहिले असते." एजंटने जाहिरातीत 'मुबलक पाणी' लिहिलं. ते काही खोटं नव्हतं.

सगळी तयारी झाली. फक्त शेजारच्या मावशींना रंग मारता येत नव्हता.

मावशी दिवसभर आपल्या दारातल्या कट्ट्यावर भाजी निवडत बसायच्या. पहिलं गिऱ्हाईक उचगावचा व्यापारी. घर पसंत पडलं, तो चपला घालायला लागला, तोच कट्ट्यावरून आवाज आला, "पावणं, पाणी कुठंवर आलतं इचारलं का न्हाय?" आणि मावशींनी उभं राहून स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला. व्यापारी पुन्हा फिरकला नाही. पुढच्या जोडप्याला त्यांनी घरात नेऊन, चहा पाजून, निवांत सांगितलं.

मी समजूत घालायला गेलो.

"मावशी, त्यांनी विचारल्याशिवाय कशाला सांगता?"

"इचारत न्हाईत, म्हणून तर सांगाय लागतंय की!"

 मग मावशी मंगळवारी देवीला जातात, ती वेळ साधून मी राधानगरीच्या एका निवृत्त मास्तरांना बोलावलं. त्यांची एसटी तासभर उशिरा आली. मास्तर, त्यांची बायको आणि प्रसादाची पिशवी घेतलेल्या मावशी, तिघं एकदमच फाटकाशी पोचली. कमरेला हात लागला.

मास्तरांनी विचारलं, "मग पुरात तुम्ही काय केलंसा?"

"काय करतोय? ह्यांची सगळी माणसं आठ दिवस आमच्या माडीवर. ह्याची आई आजारी, तिला माझ्या पोरानं पाठीवर घेऊन जिना चढवला. आनि ह्यो फ्रिज, फ्रिज करून रडत हुता."

मी फाटकाची कडी उगाच काढली-घातली. सगळं खरं होतं, फ्रिजसुद्धा.

मास्तरांच्या बायकोने एव्हाना मावशींच्या हातून प्रसाद घेतला होता. ती म्हणाली, "आवो, घेऊया की हे घर."

"आनि पाण्याचं?"

"आपल्याकडं पाणी काय कमी बघितलंय? अशी शेजारीण कुठं हाय, ते सांगा."

माझ्या हस्तिदंती भिंतींकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मास्तरांनी पुराच्या नावावर किंमत पाडून घेतली आणि मीही फार ताणलं नाही. ते आठ दिवस उलटल्यावर मावशींना साधं 'बरं झालं तुम्ही होता' म्हणायचंही माझ्याकडून राहून गेलं होतं, हे फाटकाशीच लक्षात आलं होतं.

रजिस्ट्रेशन झालं त्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हणायचं ते दारातच अडकलं.

मावशींनी पुडा बघितला. "शेजारी चालला, त्याचं पेढं वाटत्यात व्हय रं?" म्हणाल्या, आणि भाजीत मान घातली. "ठेव तितं. आनि बस जरा."