सुतकात परत पाठवलेलं समन्स

सासूबाई जाऊन दहा दिवसही झाले नव्हते. मळ्यातलं आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि दारात कोर्टाचा बेलीफ उभा. हातात मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावाचं समन्स. आमच्याकडे सुतकात देणं-घेणं होत नाही, सही तर नाहीच नाही. मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "सुतक आहे. आम्ही काही घेणार नाही. नंतर या." तो मुकाट्यानं गेला आणि अहवालात लिहून मोकळा झाला, 'घरच्यांनी घेण्यास नकार दिला.' कायद्यात याचा अर्थ समन्स मिळालं असाच धरतात, हे मला तेव्हा कोण सांगणार?

एवढंच असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं असतं. पण कागदावरचं फायनान्स कंपनीचं नाव मी वाचलं होतं. माझ्या धाकट्या भावानं टेम्पोसाठी तिथून कर्ज घेतलं होतं आणि माझ्या शब्दाखातर मामा त्याला जामीन राहिले होते. या घरात आल्यापासून मी त्यांच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी भरतो सगळं. मामांच्या कानावर घालू नकोस." मी घातलं नाही. तेरावं होऊ दे, मग सांगू म्हटलं. तेरावं झालं, पाहुणे गेले, तरी माझं तोंड काही उघडेना. माहेरची अब्रू झाकायची हौस, दुसरं काय!

मामा तारखेला गेले नाहीत, कारण तारीख आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी चालू असताना जप्तीचं वॉरंट आलं, तेव्हा ते फुलांचे कॅरेट भरत होते. मळा आणि घर, दोन्ही जाणार होतं. भावाचा फोन बंद.

शहरात सीबीएस बसस्थानकाजवळ एका वकिलांकडे मामा आणि मी गेलो. समन्सच्या सुमारास घरात सुतक होतं, एवढंच मी सांगितलं. वकील म्हणाले, "बेलीफ आलाच नाही असं प्रतिज्ञापत्रात लिहू. सुतकाबितकाचं काढू नका, हसतील." मला हायसं वाटलं. खोटं का होईना, माझं नाव कुठे येणार नव्हतं. मामा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आला व्हता ना कुणीतरी, सूनबाई?"

मान खाली घालून मी हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं, भावाच्या फोनासकट. वकिलांनी पेन खाली ठेवलं. मामांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. हुकूमनामा रद्द करायच्या अर्जाला शेवटी माझंच प्रतिज्ञापत्र जोडलं.

न्यायाधीशबाईंनी ते वाचून विचारलं, "सासऱ्यांना सांगितलंच नाही?"

"नाही."

भरल्या कोर्टात तेवढा एक शब्द बोलताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हुकूमनामा रद्द झाला, रकमेचा काही भाग कोर्टात भरायच्या अटीवर. दावा आता पुन्हा पहिल्यापासून चालणार होता, पण जप्ती तूर्त टळली होती. वकील खूश होते. मला मात्र रडूही येईना.

परतताना द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा नेहमीसारखी अडकली. कितीतरी वेळ धीर गोळा करून मी म्हणाले, "मामा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तो मानूस आला तवा म्या आतल्या खोलीतच व्हतो," ते म्हणाले. "कोर्टाचा कागूद हाय, एवढं आलं कानावर."

मी चपापले. "मग मला विचारलं का नाही?"

ते बाहेरच्या गर्दीकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कागूद मोठा असता तर तू सांगितलंच असतं, असं वाटलं मला."