नानांचा पियानो

आमच्या साडूंसारखा हौशी माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर मला ते दोघे मिळून सोसवले नसते. नाना धुळ्यात वकिली करीत. मी जळगावात पेटी वाजवीत असे, आणि नातेवाइकांत माझ्या हाताचा लौकिक होता. तो एका दुपारी संपला. विलायतेला परत निघालेल्या साहेबाचा पियानो नानांनी बैलगाडीतून घरी आणला, वाळवीच्या भीतीने त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले आणि मिशनातल्या मडमेची शिकवणी लावली.

वैशाखातही काळा कोट घालून, ऊन पाण्यात बोटं शेकून नाना वाजवायला बसत. जर्मन उस्तादांच्या लांबलचक रचना, छापील कागदावरून. खोकायचीही चोरी. मध्ये थांबले की मंडळी सुटकेच्या टाळ्या वाजवीत, नाना मान न वळवता म्हणत, "अजून संपलं नाही." तरी लोक येत. माझी बायको म्हणे, "कळलं काहीच नाही, पण काय ते वाजवणं!" माझं वाजवणं तिला सगळं कळत असे, तिथेच माझं नुकसान होतं.

मला एवढाच धीर होता की, त्या पेटाऱ्यातून आपलं गाणं निघायचं नाही. पण नानांच्या लेकीच्या डोहाळजेवणाला साक्रीहून त्यांची म्हातारी आत्या आली. बराच वेळ ऐकून नानांना अहिराणीत म्हणाली, "भाऊ, हाई बठ्ठं चांगलं शे रे, पन आपलं गानं कव्हय वाजाडशी?"

नानांनी कागद मिटले, कोट उतरवला. "आत्या, तू म्हण. मी मागून येतो."

तिने जात्यावरची ओवी धरली. नानांची बोटं अडखळली. मला कमालीचं बरं वाटलं. मग डाव्या हाताने त्यांनी जात्याची घरघर पकडली आणि उजवा हात म्हातारीच्या आवाजामागून हलकेच चालू लागला. एकेक बाई गाऊ लागली. माझी बायकोसुद्धा. लग्नापासून माझ्या पेटीवर ती कधी गायली नव्हती.

तेव्हापासून नानांच्या बैठकीत आधी ओव्या, भजनं, अंगाया; जर्मन उस्ताद नुसते तोंडी लावायला. मीही न चुकता जाई, एखादी चूक सापडेल या आशेने.

पुढे संधिवाताने नानांची बोटं वाकली. भेटायला गेलो तर म्हणाले, "आज तुम्ही बसा." मी पियानोवर वाजवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "तुमचा हात माझ्यापेक्षा गोड आहे हो. पहिल्यापासूनच होता."

एवढं ऐकायला मी वर्षानुवर्षं धुळ्याच्या खेपा घातल्या होत्या. आणि ऐकलं तेव्हा वाटलं, नानांनी मला हाताला धरून उठवावं, "तुम्हाला नाही जमायचं" म्हणावं, आणि स्वतः बसावं.