सतराव्या उदाहरणाचं उत्तर

ताळेबंद बाई कुठे राहतात म्हटलं, की तीन गल्ल्यांत कुणीही घर दाखवायचं. बाईंनी जन्मभर बाहेरच्या खोलीत चटया टाकून पोरांना हिशेब आणि व्यापारी कायदा शिकवला, दरडावलं, पास केलं. शंभर उदाहरणांचं सराव-पुस्तकही काढलं, उत्तरं शेवटच्या पानावर. क्लास बंद झाला तरी सवय जाते थोडीच! जेवणं झाली, की शेजारणी आडव्या व्हायच्या आणि बाई आपल्याच पुस्तकातलं एखादं उदाहरण सोडवत बसायच्या.

अशाच एका दुपारी सतरावं निघालं. क, ख आणि ग हे भागीदार, नफ्याचं प्रमाण तीनास दोनास एक. ग वारला; त्याच्या भांडवलाचे, व्याजाचे आकडे दिलेले. दुकानाच्या नावलौकिकाची, म्हणजे गुडविलची, किंमत साठ हजार. तर गच्या वारसांना एकूण किती मिळतील? बाईंचं उत्तर आलं चौऱ्याण्णव हजार पाचशे. छापलेलं होतं चौऱ्याऐंशी हजार पाचशे.

"डोकं म्हातारं झालं," म्हणत त्यांनी पुन्हा मांडलं. तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग लख्ख आठवलं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी उदाहरण फारच सोपं वाटलं, म्हणून गुडविलची ओळ त्यांनीच मध्ये घुसडली होती. मागचं उत्तर बदलायचं राहून गेलं. बिचाऱ्या गचे दहा हजार छापखान्यातच बुडाले होते.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण आकड्यापाठोपाठ एक आवाज आला. "बाई, माझं चौऱ्याण्णव येतंय."

खोडरबर! लिहिलेलं खोडून पुन्हा सुबक लिहायची, म्हणून वर्गानं तिला ठेवलेलं नाव. तिचे वडील नुकतेच गेले होते, पंधरा दिवस बुडवून ती आली होती. उभी राहून म्हणाली, "बाई, वारलेल्या माणसाचा गुडविलमध्ये वाटा असतो ना?" बाईंना पुढची बॅच बसवायची घाई. "मागे उत्तर छापलंय ना? मग शहाणपणा कशाला? मेलेल्याचं कसलं आलंय गुडविल!" वर्ग खो-खो हसला. पोरीनं मान खाली घातली आणि खोडलं. बावीस वर्षं झाली होती या गोष्टीला.

सतरावं सोडवलं त्या दुपारपासून ग काही बाईंची पाठ सोडेना. जिना चढताना मागून कुणीतरी म्हणायचं, माझं जास्त येतंय. वळून बघावं तर जिना रिकामा. चुलीवरचं दूध उतू गेलं, दुकानात सुटे पैसे विसरले. सुनेनं विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" बाई म्हणाल्या, "कुणाला तरी तोंड दाखवायचंय गं, आणि धीर होत नाही." चौथ्या दिवशी मात्र त्यांनी जुन्या हजेरीवहीतून पत्ता काढला आणि निघाल्या.

दार खोडरबरनंच उघडलं. चाळिशीची झालेली, चष्मा लागलेली. बाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "सतराव्यात मी चुकले होते. तुझं बरोबर होतं."

"माहीत आहे, बाई."

तिनं आत जाऊन वही आणली. चौऱ्याऐंशीच्या खाली खोडलेल्या चौऱ्याण्णवचा वळ अजून दिसत होता, आणि शेजारी बाईंची लाल बरोबरची खूण.

"मग भांडली का नाहीस माझ्याशी?"

"तुम्ही एकदा करून बघाल, असं वाटलं होतं." ती हळू आवाजात बोलत होती. "बाई, तो प्रश्न आमच्या घरचाच होता. बाबांचं बिजागऱ्यांचं दुकान, आणखी दोघे भागीदार. ते म्हणाले, भांडवल घ्या आणि सही करा, गुडविल-बिडविल काही मिळत नाही. आई म्हणाली, बाईंना विचारून ये, त्या सांगतील तसं करते. मी विचारलं, आणि घरी येऊन सांगितलं, मिळत नाही. संध्याकाळी आईनं सही केली. कोपऱ्यावरचं दुकान बघितलंत ना? पाटीवर अजून बाबांचंच नाव आहे."

बघितलं होतं. बाईंनी पत्ता तिथेच विचारला होता, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढून. कायदा त्यांना तोंडपाठ होता. सही झालेली, दाव्याची मुदत केव्हाच संपलेली, आता कुठलंही कोर्ट दारात उभं करणार नाही.

"मला आईंशी बोलू दे," त्या म्हणाल्या. "पाय धरते मी त्यांचे."

"नको, बाई. काही सांगू नका तिला. तिच्याकडे तेवढंच राहिलंय."

काय राहिलंय, ते बाईंना कळेना. तेवढ्यात आतलं शिलाई मशीन थांबलं. "कोण आहे गं?"

"क्लासच्या बाई आल्यात."

"अगं बाई! मग त्यांना दारात काय ताटकळत ठेवलंस?" भिंतीला धरत म्हातारी बाहेर आली. बोटं सुयांनी टोचून खरबरीत झालेली. त्याच बोटांनी तिनं बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. "रोज आठवण काढते हो तुमची. ते दोघे फसवतील म्हणून माझ्या जिवात जीव नव्हता. पण म्हटलं, बाईंनी हिशेब तपासलाय, आता काळजी कसली! डोळे झाकून सही केली बघा. तुम्ही तपासला होतात ना?"

खोडरबर जमिनीकडे बघत होती.

"हो," बाई म्हणाल्या, "तपासला होता."