व्याह्यांसाठी थांबलेली बस

पत्रिका पाहून माणूस ओळखणारे पुष्कळ असतील. पण लघवीचा रंग विचारून माणसाची पारख करणारा गृहस्थ अख्ख्या नवी मुंबईत एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. लेकीचं लग्न ठरवायला आम्ही नेरूळला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा चहाच्या आधी तांब्याभर पाणी पुढं ठेवून त्यांनी आदरानं विचारलं, "रंग कसा आहे?" मला वाटलं, मुलीचा. मी चाचरत म्हणालो, "गव्हाळ." ते गंभीर झाले. "मग पाणी कमी पडतंय तुम्हाला. फिकट पाहिजे."

त्यांचा सगळा जन्म पावणे एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात गेला, त्यामुळे माणसाचं शरीर म्हणजे त्यांना सोसायटीची पाण्याची लाइनच वाटते. "पाठीकडं, बरगड्यांच्या खाली, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं. ते आपले फिल्टर. रक्त गाळतात बिचारे, सुट्टी नाही. तिथून दोन बारीक नळ्या खाली टाकीत, टाकीला बाहेर जायचा एक पाइप. इतकं साधं काम, आणि माणसं टाकी तुंबवून सिरियल बघत बसतात!" हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगत, मठ्ठा वाढता वाढता. एकदा विहीणबाईंच्या हळदीकुंकवात आतल्या खोलीतून डोकं काढून म्हणाले, "बायकांचा पाइप आखूड असतो, जंतू चटकन वर चढतात. जळजळ झाली तर लपवू नका, डॉक्टरकडं जा." विहीणबाई ओरडल्या, "अहो, आत व्हा आधी!" पण जाताना त्यातल्याच दोघी जिन्यात त्यांच्याकडून डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेल्या.

लपवण्यात बायकांपेक्षा मी पुढं होतो. सारखं उठावं लागे, धार बारीक, आग वेगळीच. पण मी मुलीचा बाप. सासरच्या माणसांत हे सांगायचं कसं? त्यातच नातवाच्या जावळासाठी दोन्ही घरं मिनीबसनं कोकणात कुलदैवताला निघाली. आमच्याकडं बस थांबते ती मुलाच्या बापाच्या शब्दावर. मुलीच्या बापानं सांभाळून घ्यायचं असतं. पेणच्या अलीकडं मी दांडा धरून, गुडघे आवळून बसलो होतो. व्याह्यांनी एकदाच मागं वळून पाहिलं आणि हाक दिली, "थांबव रे बाबा, माझी टाकी भरली! चला व्याही, सोबतीला."

पोचेपर्यंत त्यांची टाकी सारखी भरत राहिली. बसमध्ये हशा. झुडपांपाशी ते मात्र माझ्याकडं पाठ करून डोंगर बघत उभे राहायचे. "प्रोस्टेट वाढलं असेल," ते हळूच म्हणाले. "पाइपाभोवती ती गाठ फुगली की टाकी पुरती रिकामी होत नाही. साचलेल्यात जंतू होतात. घरी गेलो की माझ्याबरोबर डॉक्टरकडं यायचं." निदान तेच निघालं. औषधानं जंतू गेले, धारही सुधारली. घरी त्यांनी सांगितलं, "माझ्या तपासणीला व्याही सोबत आले होते."

तेव्हापासून घरात त्यांचं नाव गळकी टाकी. जावई प्रत्येक समारंभात त्यांची नक्कल करायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो.

आता व्याह्यांची मूत्रपिंडंच थकली आहेत. जगाला पाणी पाजणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय. बाटलीवर पेनानं रेघ मारून ते ती बरोबर ठेवतात. परवा नातवाच्या मुंजीनंतर पुन्हा तशीच बस निघाली. जावई म्हणाले, "बाबा, आत्ताच जाऊन या हं, नाहीतर पेणला बस थांबवाल." सगळे हसले. व्याहीही हसले, रेघेकडं बघत.

पेण आलं. मी उठून उभा राहिलो. "ड्रायव्हर, बस थांबवा. मला जायचंय." मग पुढचंही बोललो. "आणि त्या वेळी जावळाला जातानाही मलाच जायचं होतं. दर वेळी."

बसमध्ये कुणी हसलं नाही. जावयांनी वडिलांकडं पाहिलं. ते सीटवरून सावकाश उठले, बाटली मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "चला व्याही. मला आता फारशी लागत नाही, पण सोबतीला येतो."