'इज' आणि 'इज बीइंग'

अकोल्याच्या वसुधाताई गावंडे नवऱ्याच्या बदलीमुळे चंदीगडला आल्या आणि परदेशी निघालेल्या नर्सिंगच्या मुलींना एका कोचिंग क्लासात इंग्रजी शिकवू लागल्या. संध्याकाळची ती बॅच त्यांनी एकेक मुलगी जमवून उभी केली होती. विश्वासाचं म्हणाल, तर भाजीवाल्याचा तराजूसुद्धा त्या वाकून बघायच्या.

म्हणूनच मालक भुल्लर सर एकाएकी गोड झाले, तशी ताईंच्या कपाळावर आठी चढली. कधी मान वर न करणारा माणूस चहा पाठवतोय, पंख्याखालची खुर्ची देतोय!

"सर किती चांगले आहेत ना, वसुधाताई," सोबत शिकवणारी ऋता म्हणाली.

"चूक. 'ही इज नाइस' नव्हे, 'ही इज बीइंग नाइस'. 'इज' म्हणजे स्वभाव. 'बीइंग' लागलं की नुसतं वागणं, तेवढ्यापुरतं. कुठंतरी पाणी मुरतंय बघ."

"तुम्ही चहातही व्याकरण शोधता!"

"पिऊन शोधते. फुकटचा कशाला सोडू?"

शनिवारी सरांनी ताईंच्या तब्येतीची चौकशी केली. माणसाला कामावरून काढताना मालकांना त्याच्या तब्येतीचा पुळका येतोच. "मॅडमजी, आप थक जाती हो. आय ॲम थिंकिंग, शाम की बॅच भतीजे को दे दूँ."

ताईंचा कान मात्र 'थिंकिंग'वरच अडकला. 'आय थिंक' म्हटलं असतं, तर मत पक्कं. 'थिंकिंग' म्हणजे विचार अजून शिजतोय. झाकण काढता येतं.

"सोच रहे हैं ना, सर? तो लड़कियों के सामने सोचिए."

त्यांनी सरांना थेट वर्गात नेलं आणि मुलींना सगळं सांगून टाकलं. मागच्या बाकावरची गुरलीन ताडकन उठली. "मॅडमजी, वी आर वॉन्टिंग यू!"

"वॉन्टिंग?" ताई कडाडल्या. "कितनी बार बताया! हवं असणं ही काय करायची गोष्ट आहे? हवंय म्हणजे हवंय. नो आयएनजी!"

मराठी कुणाला कळली नाही, चूक मात्र कळली. सगळा वर्ग ओरडला, "वी वॉन्ट यू!"

सरांनी भरलेल्या बाकांकडे पाहिलं, फीचा हिशोब मनात केला असावा. "ओ जी, मैं तो मजाक कर रहा था."

बॅच ताईंकडेच राहिली. सोमवारी चहासोबत बिस्किटंही आली.

"आता तरी पटलं?" ऋता हसली.

ताईंनी बिस्किट उलटंसुलटं करून पाहिलं. "बीइंग अजून चालूच आहे," म्हणाल्या, आणि सरांची केबिन दिसेल असं वर्गाचं दार सताड उघडून शिकवायला उभ्या राहिल्या.