बर्फाविना नेलेली पिशवी

जोयड्याहून गुरांची लस आणायची असली की नंदिगड्ड्यातली माणसं मलाच सांगतात. माझ्याकडे मोठा थर्मास आहे आणि त्यात बर्फ किती घालायचा याचा मला अंदाज आहे. लस गरम झाली की फुकट, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने बायकोच्या प्लेटलेट चौदा हजारांवर आल्या, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बेळगावच्या डॉक्टरांनी रक्तपेढीतून प्लेटलेटची पिशवी आणायला सांगितली. बायकोच्या गरम पाण्यासाठी आणलेला थर्मास मी रिकामा केला आणि कोपऱ्यावरच्या सरबताच्या दुकानातून बर्फ घेतला.

मेव्हणा सोबत होता. "दाजी, लस न्हाई आणायची. माझ्या भनीचा जीव हाय."

"म्हणूनच बर्फ जास्त घेतलाय."

रक्तपेढीतल्या मुलीने उघडा थर्मास पाहिला आणि पुढे केलेली पिशवी मागे ओढली.

"काका, बर्फात नाही. प्लेटलेट गार केल्या तर उपयोग होणार नाही."

"मग किती डिग्री?"

"वीस ते चोवीस. या खोलीइतकंच."

माझा विश्वास बसेना. तेव्हा तिने नीट सांगितलं. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात आणि त्यांना साखरेच्या बारीक साखळ्या जोडलेल्या असतात. गारठ्याने ही मांडणी बदलते. मग यकृत त्या साखळ्यांवरून अशा प्लेटलेट ओळखतं आणि रक्तातून काढून टाकतं. पिशवी चढते, पण आकडा चढत नाही.

"गुरांच्यातही साखर असते?" मी विचारलं.

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. "इथं बी गोठ्यात शिरलासा व्हय?"

ती हसली. शिकत असताना तिने गाईच्या प्लेटलेटवर काम केलं होतं. साखरा बहुतेक त्याच, म्हणाली. गॅलॅक्टोज, मॅनोज वगैरे, प्रमाण थोडं वेगळं. मात्र साखळीच्या टोकाला गुरांमध्ये साखरेचा एक जास्तीचा प्रकार सापडतो, तो माणसाचं शरीर तयार करत नाही.

बर्फ मी गटारात ओतला. रिक्षात पिशवी दोन्ही हातांवर धरून हलकेच झुलवत नेली, कारण ती स्थिर ठेवायची नाही असंही तिने सांगितलं होतं. पिवळसर पाणी, त्यात लाल काही नाही. मेव्हणा सारखा वाकून बघायचा आणि म्हणायचा, "हलवा, दाजी. थांबू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी आकडा सांगितला. अडतीस हजार.

"परत सांगा," मी म्हणालो.

त्यांनी परत सांगितला. मी तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच खाटेवरून आवाज आला.

"अहो, त्यांना कामं हायत. मला काय तरी तिखट आणा, तोंड मचूळ झालंय."

चार दिवसांत तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मेव्हणा लगेच जिना उतरला. मी बाहेरच्या बाकावर टेकलो, आणि तो मिसळ घेऊन येईपर्यंत बसल्याबसल्या झोपलो होतो.